चमेलीचे सुळे

शहाण्णवच्या डिसेंबरात वरोऱ्याच्या माझ्या दवाखान्याला बारा दिवस कुलूप होतं. परत आल्यावर जो तो विचारायचा, "डॉक्टरबाई, कुठं गेल्या होत्या?" मी सांगायचे, सातारा-सांगलीकडे, एका पेशंटचे दात काढायला. एवढ्या लांबून डॉक्टर बोलावणारा पेशंट म्हणजे कुणी बडा माणूस असणार, असं धरून लोक पुढचं विचारत नसत. ज्यांनी विचारलं त्यांना मी खरं काय ते सांगितलं. पेशंट अस्वल होतं. त्यातले काही हसले. बरेचसे गप्प झाले.

आमच्या चंद्रपूरकडे अस्वल हा हसण्याचा विषय नाही. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसांची आणि त्याची गाठ पडते, आणि ते सरळ तोंडावर येतं. जिल्ह्याच्या इस्पितळात असे चेहरे मी पाहिले आहेत, असे जबडे मी तारेनं बांधले आहेत. त्यामुळे विलासचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मी ते घडी करून टेबलाच्या खणात टाकून दिलं.

विलास कणसे जनावरांचा डॉक्टर. नागपूरला आम्ही दोघं शिकत होतो, तेव्हापासूनची ओळख. तो मूळचा साताऱ्याकडचा. शिकून परत गेला आणि शिरवळला राहिला. पत्रात त्यानं लिहिलं होतं की पलूसजवळ एका दरवेशाकडे, म्हणजे अस्वलाचा खेळ करणाऱ्या माणसाकडे, एक मादी आहे. नाव चमेली. वय सात-आठ वर्षं. जबडा सुजलाय, हनुवटीखालून पू वाहतो, खाणं सुटत चाललंय. अस्वल बाळगणं आणि नाचवणं कायद्यानं गुन्हा आहे हे दरवेशालाही माहीत आहे, पण तिला सोडून द्यायला वर्षभर तो नाहीच म्हणत होता. आता म्हणतो, आधी दात बरा करा, मग बघू. शेवटी विलासनं लिहिलं होतं, "इकडे बैलाचे दात बघणारे पुष्कळ आहेत, अस्वलाचे कुणी नाहीत. तू माणसांचे काढतेस. फरक आकाराचाच असेल असं मी धरून चाललोय. ये."

तिसऱ्या दिवशी मी खण उघडून पत्र पुन्हा वाचलं आणि तिकीट काढलं.

मलकापूर

कऱ्हाड स्टेशनावर विलास न्यायला आला होता. त्याच्याबरोबर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, अण्णा शेडगे. कऱ्हाडला लागूनच असलेल्या मलकापुरात हमरस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान. दारं, खिडक्या, उसाच्या ट्रॉल्या असलं काम. दुकानासमोर एक नवाकोरा लोखंडी पिंजरा उभा होता. गज गोल घासलेले, आत फळ्यांची जमीन, वर ताडपत्री बांधायला कड्या. चमेलीला न्यायला तो अण्णांनी स्वतःहून केला होता.

"तुम्हाला अस्वलाचं एवढं का पडलंय?" मी चहा पिताना विचारलं.

अण्णांनी दुकानापुढच्या एका खांबाकडे बोट केलं. "गेल्या साली एक दरवेशी हितं चहाला थांबला. अस्वल त्या खांबाला बांधलं. मी हिकडं वेल्डिंग करत हुतो. ठिणग्या उडाल्या, तशी ती दोन पायावर हुबी ऱ्हाऊन नाचायला लागली. कुणी नाच म्हणलं न्हवतं. आता तुमीच सांगा, ठिणगी बघून नाचायचं तिला कुणी आन् कसं शिकवलं आसंल? त्या दिवशी मला जेवान गेलं न्हाई."

ती चमेलीच होती. विलासला पलूसचा पत्ता अण्णांनीच मिळवून दिलेला.

जेवण अण्णांच्या घरी. आमच्याकडे ताटात आधी भात येतो आणि वरण त्याच्यावर. इथे भात शेवटी, तोही विचारून. आधी चुलीवरची ज्वारीची भाकरी, ती फुगलेली असतानाच, पावट्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. आम्ही विदर्भातली माणसं तिखटाला भीत नाही असा माझा समज होता. तो खर्ड्यानं पहिल्या घासाला मोडला. अण्णांच्या पत्नी, पार्वतीवहिनी, दह्याची वाटी माझ्याकडे सरकवून मोकळ्या झाल्या.

वहिनींचे दात मिश्रीनं काळे पडले होते. इकडे बायका भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावतात. सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही. जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "माझी येक दाढ बघता काय?" मी अंगणात खुर्ची टाकून बॅटरीच्या उजेडात दाढ बघितली. तेवढ्यात शेजारच्या दोघी आल्या, मग त्यांच्या जावा. अस्वलाच्या आधी मी मलकापुरात अकरा जणींचे दात बघितले आणि अकरा जणींना मिश्री सोडायला सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. एकही सोडणार नव्हती हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

दुपारी अण्णांनी माझी हत्यारांची पेटी उघडून बघितली. एक चिमटा उचलला, उलटसुलट केला आणि जपून परत ठेवला.

"डॉक्टरीणबाई, राग मानू नका. ह्यानं उसाचं कांडं सुदिक निघायचं न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. हे मला वरोऱ्यातच सुचायला हवं होतं. अस्वलाच्या सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं आणि ते जबड्यात वाकून खोल गेलेलं असतं. मी खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर मला काय हवं ते काढलं. लांब दांड्याची, टोकाला पन्हाळीसारखी वाकलेली दोन पाती, आणि एक रुंद जबड्याचा चिमटा. अण्णांनी चित्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, चांगलं पोलाद शोधून काढलं आणि कामाला लागले. संध्याकाळपर्यंत तिन्ही वस्तू घासून, धार लावून माझ्या हातात होत्या. आजही त्या माझ्या कपाटात आहेत. इतकी हातात बसणारी हत्यारं मी कुठल्या दुकानातून घेतलेली नाहीत.

पलूसच्या बाहेर

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत पिंजरा चढवून आम्ही पलूसला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधून मधून द्राक्षाच्या बागा. इतकं पाणी धरून बसलेलं रान मी आमच्याकडे कालव्याच्या काठीच बघितलंय. गावाच्या पलीकडे, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका शेताच्या कडेला तीन पालं होती. त्यातलं एक दस्तगीरचं.

दस्तगीर चाळिशीचा, उंच, शिडशिडीत माणूस. त्याची बायको हलीमा. तिनं आम्हाला बसायला पोतं अंथरलं. दोघांना मूल नव्हतं. खेळ आता फारसे होत नव्हते. बाजारात पोलीस हटकायचे. हंगामात दोघंही द्राक्षाच्या बागेत कामाला जायची.

चमेली बाभळीखाली बसली होती.

एवढ्या जवळून जिवंत अस्वल मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी विलासच्या मागे जाऊन उभी राहिले, हे कबूल करते. तिनं हनुवटी पुढच्या पंज्यावर टेकवली होती, दाढदुखीचा माणूस गालाला हात लावून बसतो तशी. नाकाच्या वरच्या बाजूला भोक पाडून त्यातून दोरी ओवलेली होती. भोकाच्या कडा सुजून लाल झाल्या होत्या. केसांत गवत, डोळ्यांत चिपडं. ती माझ्याकडे बघत होती की नाही तेही कळत नव्हतं.

हलीमा वाडग्यात कण्या घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि हातानं कण्यांचा गोळा तिच्या ओठांच्या कडेनं आत सारू लागली, दुखऱ्या बाजूला धक्का न लावता. मी वीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतेय. त्या तोंडात मी घातला नसता.

"वरचा ओठ जरा उचलता का?" मी लांबूनच म्हटलं.

हलीमानं उचलला. चारही सुळे हिरडीपाशी तुटलेले. वरच्या दोघांची मुळं अजून टणक, पण खालचे दोन काळे पडलेले, उजव्या बाजूची हिरडी फुगून आलेली. वर मधल्या दोन दातांच्या जागी नुसती फट.

"हे दोन्ही कुणी पाडले?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

विलास माझ्या कानाशी म्हणाला, "ते दोन हिच्या जातीला नसतातच. त्या फटीतून वाळवी ओढून घेतात."

मी वहीत लिहिलेलं खोडलं. पेशंटबद्दल आधी वाचून यावं, एवढं मला एखाद्या शिकाऊ पोरीसारखं शिकायला मिळालं. पण सुळ्यांबद्दल माझी चूक नव्हती. ते कुणीतरी तोडले होते आणि खालची आत उरलेली मुळं वर्षानुवर्षं सडत आली होती.

दस्तगीरनं विचारलं, "मग कवा काढता?"

विलासनं समजावून सांगितलं की इथे उघड्यावर भूल देता येणार नाही. शिरवळहून थोडं आत आपली कुंपण घातलेली जागा आहे, वनखात्याची परवानगी आहे, तिथे न्यावं लागेल आणि पुढे बरेच दिवस ठेवावं लागेल.

"मंजी न्यायचीच हाय तुमाला," दस्तगीर म्हणाला. "दाताचं नुस्तं निमित्त."

विलास बुटानं ढेकूळ फोडू लागला. वर्षभर त्यानं या माणसाशी गोडीगुलाबीनं बोलणं चालवलं होतं आणि ते मोडायची त्याला भीती वाटत होती. मला तशी भीती नव्हती.

"हो, न्यायचीच आहे," मी म्हटलं. "मी खोटं सांगायला एवढ्या लांबून आले नाही. दात काढला आणि दोरी तशीच ठेवली, तर नाक सडेल. आणि आज नेली नाही, तर जबड्याचं हाड जाईल. मग ही खाणार नाही. काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"माझ्या बानं ह्यावरच आमाला जगवलं," दस्तगीर म्हणाला. "त्याच्या बानं त्याला. आता मी तिला टेम्पूत घालून दिऊ आन् मोकळ्या हातानं पालात येऊन बसू?"

मी वही मिटून पिशवीत टाकली.

हलीमा वाडगा घेऊन उठली. तिनं तो पाण्यानं विसळला, पालात गेली आणि बोचकं बांधून बाहेर आली. नवऱ्याला म्हणाली, "मी जाते हिच्यासंगं. तिला भरवायचं कुणाला जमनार हाय? तुमी येताय तर या, न्हाईतर ऱ्हावा हितं."

पिंजऱ्यात चमेली आपणहून चढली नाही. हलीमा आधी आत जाऊन बसली, तेव्हा ती मागोमाग गेली. दस्तगीर बराच वेळ बाभळीखाली उभा होता. अण्णांनी टेम्पो सुरू केला तसा तो चालत आला आणि मागच्या फळीवर चढून बसला.

नागठाण्याजवळ

हमरस्त्यावर नागठाण्याच्या अलीकडे टेम्पोचं मागचं चाक बसलं. अण्णा आणि विलास जॅक लावायला खाली उतरले, आणि वाऱ्यानं ताडपत्रीचा एक कोपरा उडाला. अस्वल दिसायला तेवढं पुरलं. पाच मिनिटांत रस्त्याच्या कडेला माणसं जमली. शेतातून आली, सायकलीवरून उतरली. आमच्या गावी अस्वल आलंय म्हटलं असतं तर माणसं दुसरीकडे पळाली असती.

एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन पुढे आली. "मामा, अस्वलावर जरा बशिवता? सारखं दचाकतंय." दुसऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला ताईत भरायला केस हवा होता. इकडे ही जुनी समजूत. अस्वलाच्या पाठीवर बसवलं की पोराची भीती जाते. दस्तगीरनं जन्मभर हेच केलेलं. मी त्याच्याकडे बघत होते.

तो ताडपत्री नीट करत म्हणाला, "ती आजारी हाय, बाई. तिलाच डॉक्टरकडं न्यायला लागलोय. तुमीबी पोराला न्ह्या. आंग भाजतंय त्याचं."

गर्दी जरा मागे सरकली. थोड्या वेळानं तोच केस मागणारा म्हातारा चार केळी घेऊन आला आणि हलीमाच्या हातात देऊन गेला. विलासनं त्या बाईला साताऱ्याकडे निघालेल्या एका जीपमध्ये बसवून दिलं.

चाक बदलेपर्यंत मी आणि दस्तगीर एका दगडावर बसलो होतो. तो माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"डॉक्टरीणबाई, तुमी इचारलंत न्हाई, पर सांगतो. ही आली तवा मांजराएवढी हुती. कर्नाटकातनं एका मानसानं आनली. दात त्यानंच फोडले, दगडानं. नाकात सळई त्यानंच घातली."

त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले.

"डोस्कं मी धरलं हुतं," तो म्हणाला.

चाक बदललं तसा तो परत मागच्या फळीवर जाऊन बसला. खंबाटकीचा घाट चढताना मागून फक्त हलीमाचा आवाज येत होता. ती चमेलीशी त्यांच्या घरच्या दखनी बोलीत काहीतरी बोलत होती.

शिरवळच्या आत

जागा एका निवृत्त मास्तरांची. टेकडीच्या पोटाला सात एकर मुरमाड पडीक, त्यांनी वापरायला दिलेली. शिरवळच्या कारखान्यांतली माणसं आपल्या सुट्टीच्या दिवशी येतात आणि काम करतात. दगडी भिंत त्यांनी रचली, तिच्यावर जाळी ठोकली, पाण्याची टाकी बांधली. मी पोचले त्या दिवशी रात्रपाळी करून आलेले दोघं झोप बाजूला ठेवून गवत पसरत होते. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, कुणी विचारत नव्हतं. जेवायला सगळे एका ओळीत. दस्तगीर आणि हलीमा जरा लांब बसायला लागले, तर त्यांच्या ताटांसकट त्यांना ओढून ओळीत घेतलं.

सकाळी चमेलीला भूल दिली. पत्र्याच्या शेडमध्ये फळ्या जोडून टेबल केलं होतं. माझी हत्यारं आणि अण्णांची हत्यारं एकाच कुकरमध्ये उकळून घेतली. चमेली आडवी झाली, जीभ बाहेर आली, आणि माझी भीती गेली. ते आता तोंड होतं, आणि तोंडात काय करायचं ते मला येतं.

"डोकं कुणीतरी घट्ट धरायला हवं," मी म्हटलं.

कुणी पुढे यायच्या आत दस्तगीर आला. त्यानं दोन्ही तळवे तिच्या कानांमागे ठेवले. त्याची पकड शेवटपर्यंत हलली नाही.

उजवा खालचा सुळा आधी घेतला. हिरडी कापली तसा साठलेला पू बाहेर आला आणि शेडभर वास पसरला. दारातून बघणारा एक धडधाकट गडी बाहेर जाऊन ओकला. अण्णांचं पातं मी मुळाच्या कडेनं आत सरकवलं आणि दाबत, वळवत, थांबत पाऊण तास काम केलं. माणसाचा दात सुटताना हाताला कळतं. हा सुटला तेव्हा खांद्याला कळलं. माझ्या मधल्या बोटाएवढं मूळ, टोकाला काळंठिक्कर. मी ते थाळीत टाकलं आणि डाव्या बाजूला वळले.

डावं मूळ अर्धं सैल झालं असताना विलास म्हणाला, "थांब. श्वास कमी झालाय."

चमेलीची जीभ निळसर दिसत होती. विलास तिच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबू लागला. "आता पुरे," तो दाबता दाबता म्हणाला. "बाकीचं पुन्हा कधीतरी."

मला माहीत होतं की अर्ध्यावर सोडलेलं मूळ दुप्पट सडतं. आणि पुन्हा भूल द्यायची, तर अशाच अशक्त जनावराला पुन्हा याच टेबलावर घ्यायचं. "मला दोन मिनिटं दे," मी म्हटलं. "तू तुझं काम थांबवू नकोस, मी माझं थांबवत नाही."

विलासनं नाही म्हटलं नाही. तो दाबत राहिला, तोंडानं आकडे मोजत. हलीमा भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचे ओठ हलत होते. मी पातं खाली घातलं, एकदा, दोनदा, आणि मग अण्णांचा चिमटा लावून ओढलं. मूळ आलं. अख्खं आलं. मी जखमेत बोळा दाबून धरला आणि विलासकडे बघितलं. त्यानं हात उचलले होते. छाती आपली आपण वर गेली, खाली आली. परत वर गेली. जिभेवर हळूहळू गुलाबी रंग चढला.

मी त्या दिवशी बरोबर केलं असं मला आजही वाटतं. विलासला तितकं वाटत नाही. आम्ही त्यावर अजून पत्रातून भांडतो.

नाकातली दोरी उरली होती. विलासनं कात्री दस्तगीरपुढे धरली. त्यानं मान हलवली आणि हलीमाकडे बोट केलं. हलीमानं दोरी कापली, दोन्ही टोकांनी हळूच ओढून काढली आणि भोक कोमट पाण्यानं धुतलं. पाणी पडायचं थांबलं तरी ती तिथून हटत नव्हती.

वारूळ

पहिले दोन दिवस चमेली भिंतीच्या कोपऱ्यात बसून होती. हलीमानं पातळ कण्या भरवल्या तेवढंच खाणं. कुंपणाबाहेरून कुणी काठी घेऊन गेलं की ती तशीच, दुखऱ्या तोंडानं, दोन पायांवर उभी राहून डुलायची. हे पहिल्यांदा झालं तेव्हा सुट्टीवर आलेला एक कामगार हातातली काठी बघत उभाच राहिला. तेव्हापासून काठ्या, खराटे, छत्र्या फाटकाबाहेर ठेवायचा नियम झाला. तो नियम सांगायला त्यांनी पाटी लावली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तोंडानं सांगतात.

तिसऱ्या दिवशी दस्तगीर निघाला. द्राक्षाच्या बागेत छाटणीनंतरची कामं खोळंबली होती. फाटकाशी तो विलासला म्हणाला, "मी परत आलो तर आत सोडशीला काय?"

"कधीही या," विलास म्हणाला.

"न्हाई," दस्तगीर म्हणाला. "लगीच सोडू नका. तिची माझी सवय मोडू द्या." आणि तो एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.

कुंपणाच्या मधोमध एक जुनं वारूळ होतं. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो, तेव्हा आतून खरवडल्याचा आवाज आला. चमेली वारुळापाशी होती. पुढच्या पंज्यांनी तिनं माती उकरली, तोंड भोकाला लावलं आणि जोरानं आत ओढलं. नळातून हवा ओढल्यासारखा आवाज झाला. मग थांबून फुंकर मारली, माती उडवली, परत ओढलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मांजराएवढी असताना आईपासून तुटलेली ती. विलास खुर्चीवरून उठून कुंपणाजवळ गेला आणि चष्मा काढून पुसत राहिला. मी चहा संपवला. मला तेवढ्यानं रडू येत नाही, पण चहा गार झाला होता हे मला शेवटच्या घोटाला कळलं.

तिला जंगलात कधीच सोडता येणार नाही. सुळे नाहीत, माणसाची भीती नाही. हे विलासनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्याच्या पत्रांतून कळतं की ती आता चांगली भरली आहे, टाकीत बसून राहते आणि डुलणं महिन्यामहिन्यानं कमी होतंय. अण्णा दर पंधरवड्याला मलकापूरहून येतात. वेल्डिंगचं काम निघालं तर ते कुंपणापासून लांब, शेडच्या मागच्या बाजूला करतात.

मी परत निघाले तो दिवस सांगून थांबते. हलीमाही त्याच दिवशी निघणार होती. चमेली आता टोपलीतलं आपलं आपण खात होती. विलासनं हलीमाला अडवलंही नव्हतं आणि जा म्हणूनही सांगितलं नव्हतं. दुपारची एसटी होती. बोचकं खांद्याला लावून हलीमा कुंपणाशी गेली, मी तिच्या मागे.

चमेली लांब, टेकडीच्या बाजूला होती. आमच्याकडे तिची पाठ. एका दगडाखाली पंजा घालून ती तो उलटवायच्या खटपटीत होती. दगड हलत होता, परत बसत होता. हलीमा जाळीला बोटं अडकवून बघत राहिली. मला वाटलं, आता हाक मारेल. दगड शेवटी उलटला आणि चमेलीनं त्याच्याखाली तोंड घातलं. हलीमानं जाळी सोडली, पदर सारखा केला आणि फाटकाकडे चालू लागली.

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "तिनं बघितलंसुद्धा नाही."

"हाक मारली आस्ती तर पळत आली आस्ती," हलीमा म्हणाली. "म्हनून न्हाई मारली."